बायका असल्या पक्षांना मत का देतात? (आईशी भांडण झालंय)

निळीशाई
रागात धागा काढतेय हे आधीच सांगते, टायपो आणि भाषा दोन्ही सांभाळून घ्या.

परवा टीव्हीवर एका पुढाऱ्याचं भाषण चालू होतं. स्टेजवर चौदा खुर्च्या, चौदाही पुरुष (मी मोजल्या, राग आला की मी मोजत बसते). विषय कुटुंबसंस्था. बाईचं खरं कर्तृत्व घरात, ती बाहेर पडली आणि समाजाची घडी विस्कटली वगैरे नेहमीची कॅसेट. आणि माझी आई टाळ्या वाजवत होती. टीव्हीसमोर. ही तीच आई जिने बावीस वर्षं ट्यूशन घेऊन घर चालवलं, बाबांची नोकरी गेली तेव्हा माझी फी भरली. मी म्हटलं अगं आई, तो तुझ्याबद्दलच वाईट बोलतोय, कळतंय का तुला? तर म्हणाली, मला सगळं कळतं, तुला माझं कळत नाही. आणि रिमोट घेऊन आवाज वाढवला. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे.

तर प्रश्न असा की जगात कुठेही बघा, पुरुषांनी चालवलेल्या, बाईने कसं वागावं ते ठरवणाऱ्या राजकारणामागे बायका असतातच, आणि जबरदस्तीने नाही तर मनापासून असतात. का? ब्रेनवॉश हे उत्तर नकोय, माझ्या आईला कोणी ब्रेनवॉश करू शकत असतं तर मीच केव्हाच केलं असतं.

विनंती: आपल्या इथले पक्ष आणि नेते आणू नका, पन्नासाव्या प्रतिसादाला धाग्याला कुलूप लागेल.

ठोकळा
जागा पकडून ठेवतो. रात्री येतो.

आडवातिडवा
उत्तर सोपं आहे, सवय. पिंजऱ्यातल्या पोपटाचं दार उघडलं तरी तो उडत नाही.

मुक्ताफळे
आला पोपट! बायकांवरचा धागा आणि पोपट नाही असं झालंच नाही अजून.

आडवातिडवा, तुमचा पोपट गर्ट्रूड बेलला लावून दाखवा. ही बाई अरबस्तानच्या वाळवंटात उंटांचा काफिला घेऊन फिरली, नकाशे केले, पहिल्या महायुद्धानंतर इराकच्या सीमा ठरवण्यात तिचा हात होता. आणि हीच बाई ब्रिटनमध्ये बायकांना मताधिकार देऊ नये म्हणणाऱ्या संघटनेची मानद सचिव होती. १९०८ साली बायकांनीच काढलेली संघटना ती, पुढे मिसेस हम्फ्री वॉर्ड होती, त्या काळची तुफान खपणारी कादंबरीकार. म्हणजे पुस्तकांवर स्वतः कमावणारी. पिंजरा कुठे दिसतोय यात?

जुनी_वही
मुक्ताफळे +१. आणि त्या बायकांचं म्हणणं वाचलं तर ते आज वाटतं तितकं येडपटपणाचं नव्हतं. त्या म्हणायच्या, शाळा, दवाखाने, गरिबांची मदत, स्थानिक कारभार यात बायकांनी जरूर असावं, तिथलं आम्हाला कळतं. पण सैन्य, आरमार, साम्राज्य हे शेवटी पुरुषांच्या जिवावर चालतं तर तिथे त्यांचंच मत चालू दे. १८८९ मध्ये एका मासिकात अशा अर्थाचं आवाहन छापून आलं त्यावर १०४ बायकांच्या सह्या होत्या. त्यातल्या बिअट्रिस पॉटर (पुढे वेब, समाजवादी चळवळीतली मोठी असामी) यांनी नंतर आपली चूक झाली असं जाहीर कबूल केलं.

गंमत पुढे आहे. १९१० मध्ये बायकांची ही संघटना पुरुषांच्या तशाच संघटनेत विलीन झाली, आणि अध्यक्ष कोण झालं? लॉर्ड क्रोमर. त्यानंतर लॉर्ड कर्झन, हो तोच, बंगालच्या फाळणीवाला. संघटना उभी केली बायकांनी, खुर्ची लॉर्डांची.

निळीशाई
म्हणजे चौदा खुर्च्यांचा इतिहास जुना आहे तर.

आडवातिडवा
मग अशा बायकांना मताधिकार द्यायलाच नको होता, त्यांचीच इच्छा होती ना 😄 ह.घ्या. (हलकेच घ्या)

जुनी_वही
ह.घ्या. म्हणताय पण हे वाक्य पुरोगाम्यांनी संसदेत गंभीरपणे म्हटलेलं आहे. स्पेन, १९३१. नवीन प्रजासत्ताक, राज्यघटना बनतेय. बायकांना निवडून यायची परवानगी होती पण मत द्यायची नव्हती, असा तो मजेशीर काळ. सभागृहात क्लारा कांपोआमोर म्हणत होती की मताधिकार आत्ता द्या. आणि विरोधात बोलायला उभी राहिली व्हिक्टोरिया केंट, तीही वकील, तीही प्रजासत्ताकवादी, डाव्या बाजूची. तिचं म्हणणं, तत्त्व मान्य, पण आत्ता नको, बायका चर्चमधल्या पाद्र्याचं ऐकून मत देतील आणि प्रजासत्ताक बुडेल. १६१ विरुद्ध १२१ मतांनी हक्क मिळाला. १९३३ मध्ये उजवे जिंकले, आणि सगळ्यांनी खापर बायकांवर फोडलं. पण १९३६ मध्ये त्याच बायका मतदान करत असताना डावी आघाडी जिंकली, ते मात्र कोणी बायकांच्या नावावर लिहिलं नाही. फ्रान्समध्येही हीच भीती दाखवून सिनेटने वर्षानुवर्षं अडवून धरलं, १९४४ उजाडलं.

म्हणून "बाई मुळातच परंपरावादी" हे ऐकलं की मी सावध होतो. हे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा तिचं मतच नको असतं.

सांजवेळ
वाचतेय. चांगला चाललाय धागा.

उंबरठा
मी इथे फारशी लिहीत नाही. पण सगळे "त्या बायका, त्या बायका" करताय म्हणून लिहिते. मी ती बाई आहे.

पदवी आहे, सहा वर्षं नोकरी केली, दुसऱ्या मुलाच्या वेळी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं, मीच सोडली. कारण संध्याकाळी आठला घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू व्हायची, आणि नवरा "मदत" करायचा. ज्याला तुम्ही स्वातंत्र्य म्हणता ते माझ्या वाट्याला दोन नोकऱ्या आणि एक पगार असं आलं. मग एक सोडायची तर कुठली सोडणार, मुलांची थोडीच सोडता येते.

आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. कुठल्याही कार्यक्रमात कोणी विचारतं, काय करता? मी म्हणते घरीच असते. मग समोरच्याचं "अच्छा" ऐकायला येतं आणि तो माझ्या खांद्यावरून पलीकडे कोण उभं आहे ते बघायला लागतो. बाई असेल तर जास्तच लवकर. तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या, समतेवर लिहिणाऱ्या बाया. आणि तो पुढारी स्टेजवरून म्हणतो की घर सांभाळणारी बाई देशाचा कणा आहे. मला माहीत आहे तो लोणी लावतोय. मूर्ख नाहीये मी. पण तुमच्या बाजूचे लोक मला लोणी लावायच्याही लायकीची समजत नाहीत.

आणि दुसरं, धाग्यात सारखं "स्वतःच्याच विरोधात" असं येतंय. हे ठरवलं कोणी? मी मत देते तेव्हा कर बघते, मुलगी रात्री सुखरूप घरी येते का ते बघते, माझी श्रद्धा बघते. बाई असणं ही माझ्या यादीत एक गोष्ट आहे, अख्खी यादी नाही.

मुक्ताफळे
उंबरठा, लिहिलंत ते बरं केलंत. "अच्छा" मलाही लागलं, कारण मी पण म्हटलेलं आहे.

पण एक विचारते, राग मानू नका. तो तुम्हाला कणा म्हणतो, पण उमेदवार यादीत कणा कुठे असतो? थॅचरबाई ११ वर्षं ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या, त्यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याशिवाय एकच बाई आली, बॅरोनेस यंग, तीही दोनेक वर्षं. मेलोनी २०२२ मध्ये इटलीची पहिली बाई पंतप्रधान झाली आणि पदाचं नाव पुल्लिंगीच ठेवलं. म्हणजे एखादी वर गेली तरी शिडी ओढून घेते.

उंबरठा
मला शिडी नकोच आहे हो. मला जिथे उभी आहे तिथे मान हवाय.

ठोकळा
आलो. हे शेवटचं वाक्य लिहून ठेवतो.

उंबरठाताईंच्या मुद्द्याला अमेरिकेतला पुरावा. १९७२ मध्ये तिथल्या काँग्रेसने समान हक्कांची घटनादुरुस्ती पास केली, दोन्ही पक्षांचा पाठिंबा होता, वर्षभरात ३० राज्यांनी मान्यता दिली, हवी होती ३८. सगळ्यांना वाटलं झालंच. ती अडवली एका बाईने, फिलिस श्लाफली. सहा मुलांची आई. मोहिमेचं नाव स्टॉप, आणि त्यातली अक्षरं फोडली तर अर्थ होतो "आमचे विशेष हक्क काढून घेणं थांबवा". कुठले विशेष हक्क? नवऱ्याने बायकोला पोसलंच पाहिजे हे बंधन, सक्तीच्या लष्करभरतीतून सूट, नवऱ्याच्या नावावर मिळणारी पेन्शन. तिच्या बायका आमदारांना घरी भाजलेले पाव नेऊन द्यायच्या. गाडी ३५ राज्यांवर अडकली आणि १९८२ मध्ये मुदत संपली.

आणि ही बाई बायकांनी घर सांभाळावं हे सांगायला देशभर विमानाने फिरत होती, दोनदा काँग्रेसची निवडणूक लढली होती, मोहीम चालू असताना १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. भाषणाच्या सुरुवातीला "मला येऊ दिल्याबद्दल माझे पती फ्रेड यांचे आभार" असं म्हणायची, का तर समोरच्या स्त्रीवाद्यांचा तिळपापड व्हावा म्हणून.

आता हे बघा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळायला लागला, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. तुम्ही पन्नाशीच्या आहात, कधी नोकरी केली नाही, आणि कायदा म्हणतो नवरा उद्या निघून जाऊ शकतो. अशा वेळी "दोघं समान" हे ऐकून आनंद होईल की पोटात गोळा येईल? त्या बायकांना पुरुषांचं राज्य आवडत होतं असं नाही, पुरुष मोकाट सुटेल याची भीती होती. बायकांच्या मुक्तीत त्यांना नवऱ्याची मुक्ती दिसत होती.

सांजवेळ
ठोकळा, नेमकं. डेनिझ कांदियोती नावाच्या तुर्की समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८८ मध्ये याला "पितृसत्तेशी केलेला सौदा" म्हटलं. एकत्र कुटुंबातली सून तरुणपणी सगळं सोसते, कारण पुढे मुलगा मोठा होणार, सून येणार आणि तिची सत्ता येणार हे तिला माहीत असतं. म्हणजे तीस वर्षं हप्ते भरलेत, आता पॉलिसी मॅच्युअर व्हायची वेळ आली आणि तुम्ही सांगताय कंपनीच बंद करा. ती तुमच्या मोर्चात येईल का कंपनीच्या गेटवर पहारा देईल? म्हणून म्हाताऱ्या बायका जास्त कडवट वाटतात. त्यांचे सगळे पैसे अडकलेत.

आडवातिडवा
हे पटलं. पोपट मागे घेतो.

मुक्ताफळे
इतिहासात नोंद व्हावी!

कागदपत्र
हप्त्यांचं वाचलं म्हणून लिहायला बसले. मी कौटुंबिक खटल्यांची वकील आहे. नावगाव बदलण्याइतकं सुद्धा काही सांगत नाही, फक्त एक दृश्य.

एक बाई आल्या, वय ५२. नवरा दुसरीकडे राहायला गेलेला. त्यांच्याकडे एक मोठी कापडी पिशवी होती. मला वाटलं कागदपत्रं. पिशवीतून निघाल्या वह्या, सव्वीस, दर वर्षाची एक, घरखर्चाच्या. पहिल्या पाच-सहा वह्यांची पानं पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्टी. रोजचा हिशेब, महिन्याच्या शेवटी लाल पेनाने बेरीज, आणि "शिल्लक" समोर दोन रेघा. म्हणाल्या, मॅडम हे न्यायाधीशांना दाखवा, मी कधी एक पैसा वाया घालवला नाही, सगळं पाळलं मी. बँकेचं पासबुक त्यांच्या नावाचं एकही नव्हतं. आणि मला त्यांना सांगावं लागलं की त्या वह्या कोणी उघडणार नाही.

चहूकडून हरलेली बाई, आता तरी डोळे उघडतील असं मला वाटलं. निवडणुकीनंतर त्या भेटल्या तेव्हा बोटाला शाई होती. मी न राहवून विचारलं. म्हणाल्या, नेहमीचंच, निदान ते लोक तरी म्हणतात की संसार मोडू नये.

मी घरी येऊन खूप वेळ यावर विचार केला. करार एकाच बाजूने पाळला गेला होता. आणि त्यांना वाटत होतं की करार मोडला म्हणून वाईट झालं, करारच वाईट होता असं नाही.

निळीशाई
😔

उंबरठा
कागदपत्र, तुम्ही हे माझ्या विरोधात लिहिलंय का बाजूने, मला समजत नाहीये.

कागदपत्र
मलाही नाही समजत, खरंच.

रातकिडा
मी थोडा वेगळा सूर लावतो. सगळं भीतीवरच का ढकलताय? बायकांना तिथे काहीतरी मिळतंही. माझी आत्या. लग्नानंतर तीस वर्षं दुकानात साडी घेताना पण काकांकडे बघून मान हलवायची. तिला अशाच एका पक्षाच्या महिला शाखेत कोणीतरी नेलं. सहा महिन्यांत बाई बदलली. हातात मतदार यादी, पट्टी, लाल पेन, घरोघर जाऊन खुणा. एकदा मी तिच्याकडे बसलो होतो, बैठक चालू होती, आठ-दहा बायका, विषय काय तर आजकालच्या मुली नवऱ्याला विचारत नाहीत. मध्येच काकांचा फोन. आत्या म्हणाली "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" आणि कट केला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि चष्मा नीट करून पुढे बोलायला लागली की मुलींनी नवऱ्याचा मान ठेवला पाहिजे.

मला हसू आवरेना. पण तिला घराबाहेर काढणारं दुसरं कोणी तिच्या दारात आलंच नव्हतं. स्त्रीवादी शिबिराला काकांनी पाठवलं असतं का? इथे पाठवलं, कारण इथे बिघडणार नाही याची खात्री होती.

जुनी_वही
रातकिडा, कडक. हेच इराणमध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. रेझा शाह या तिथल्या राजाने १९३६ मध्ये पोलिसांकरवी बुरखे उतरवले तेव्हा धार्मिक घरांतल्या कित्येक बायका घराबाहेरच पडेनाशा झाल्या. मग १९७९ च्या क्रांतीत हजारो बायका चादर (डोक्यापासून पायापर्यंतचं पांघरूण) घेऊन रस्त्यावर, काही श्रद्धेने तर काही निव्वळ त्याच्या मुलाला, तेव्हाच्या शाहला चिडवायला. क्रांती झाली, आणि लगेच ८ मार्च १९७९ ला हिजाबसक्तीच्या विरोधात तेहरानमध्ये बायकांना मोर्चा काढावा लागला. काहीजणी तर दोन्हीकडे होत्या. पण दुसरी बाजू ही की हिजाब सक्तीचा झाल्यावर सनातनी बाप मुलींना कॉलेजात पाठवायला तयार झाले, २००० च्या आसपास विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांत मुली निम्म्याहून जास्त होत्या. आणि त्याच शिकलेल्या मुली पुढे त्याच सक्तीविरुद्ध उभ्या राहिल्या.

मुक्ताफळे
म्हणजे आत्याची मुलगी आता फोन कट करून दुसऱ्याच मीटिंगला जाणार.

रातकिडा
गेली आहे 😄 आत्या आता तिच्यावर चिडून असते.

ठोकळा
अवांतर नाही पण एक राहिलं. "बायकांचं मत" अशी एक वस्तू नसते. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीनंतर गाजलं की एक्झिट पोलप्रमाणे ५२ टक्के गोऱ्या बायकांनी ट्रम्पना मत दिलं. नंतर प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेने मतदार यादीशी ताडून बघितलं तर आकडा ४७ निघाला, त्यांच्या विरोधातल्या क्लिंटनबाईंना ४५. म्हणजे निम्म्याहून कमी, तरी जास्तच. त्याच वेळी कृष्णवर्णीय बायका नव्वद टक्क्यांहून जास्त क्लिंटनच्या बाजूला. आता बाई म्हणून मत दिलं कोणी? गोरी बाई ही नुसती बाई नाही, ती गोरी पण आहे, आणि त्या दुसऱ्या गोष्टीत तिचा फायदा आहे. जात, वर्ग, धर्म, कुठेही हेच. घरात ती दोन नंबर असेल पण गल्लीत एक नंबरच्या घरातली असते.

आणि तरुण पोरींकडे बघा, दक्षिण कोरियात २०२२ ला विशीतले साधारण ५८ टक्के पुरुष उजव्या उमेदवाराकडे आणि विशीतल्या तितक्याच बायका त्याच्या विरोधकाकडे. ज्यांनी अजून हप्तेच भरले नाहीत त्यांना पॉलिसीचं काय पडलंय.

सांजवेळ
ठोकळा, गल्लीतला एक नंबर हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा आहे. यावर वेगळा धागा काढा.

आडवातिडवा
नको, त्याला नक्की कुलूप लागेल.

उंबरठा
ठोकळा, त्या एक नंबरच्या मुद्द्यावर मी काल रात्री दोनदा उत्तर लिहून खोडलं. माझ्याबाबतीत ते खरं नाही असं मला छातीठोक म्हणता येईना. एवढंच लिहिते. मत बदललेलं नाही.

निळीशाई
सगळ्यांचे आभार, उंबरठाताईंचे जास्त. तुमचं "अच्छा" वाचून काल आईजवळ जाऊन बसले. बराच वेळ दोघी गप्प. मग सरळ विचारलं, त्या दिवशी नक्की कशाला टाळ्या वाजवल्यास?

तर म्हणाली, तो म्हणाला ना, "घर बाईच चालवते".

मी म्हटलं अगं त्याला तसं नव्हतं म्हणायचं, त्याला म्हणायचं होतं की बाईने घरातच... ती म्हणाली ते त्याचं तो बघेल. बावीस वर्षं मी घर चालवलं, पैशाने चालवलं, सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या बाबांना कमीपणा नको म्हणून मी कधी बोलले नाही, आणि कोणी बोललं पण नाही. तू पण नाही. त्याने माइकवर म्हटलं.

त्याच्या पुढचं वाक्य, ते घडी विस्कटली वगैरे, तिने ऐकलंच नव्हतं. टाळ्या वाजवत होती.

ठोकळा
आणि बाबा कुठे होते तेव्हा?

निळीशाई
शेजारच्या खुर्चीत. झोपले होते.